मेंढीकोट मोबाइलवर आणतोय: ओपन सोर्स मिडलवेअर कोणतं घ्यावं?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. मी आणि माझा एक मित्र नोकरी सांभाळून मेंढीकोटचा मोबाइल खेळ बनवतोय. पडद्यावरचा भाग युनिटीत जवळजवळ तयार आहे. पानं वाटणं, हुकूम, हात मोजणं, मेंढ्या (दहाची चार पानं) कोणाकडे गेल्या, कोट लागला (चारही मेंढ्या एकाच बाजूला गेल्या) का, हे सगळं एका फोनवर नीट चालतं. आता चार भिडू चार गावांत बसून खेळणार म्हणजे मधलं सगळं लागणार: लॉगिन, मित्रांची यादी, खोली उघडणं, अनोळखी भिडू जुळवणं, टाकलेलं पान बाकी तिघांना पोचवणं, कोणी तुटला तर त्याला परत आणणं. हे शून्यापासून लिहायची आमची तयारी नाही, म्हणून मिडलवेअर शोधतोय.

आतापर्यंत पाहिलेलं असं. नाकामा, गो भाषेत लिहिलेलं, अपाची २.० परवाना. कोलिसियस, नोडवर चालणारं, एमआयटी परवाना. मिरर, युनिटीचं जुनं नेटवर्क साधन युनेट बंद पडल्यावर लोकांनी पुढे नेलेलं, तेही एमआयटी. आणि बंद स्रोतांपैकी फोटॉन.

माझं मत ओपन सोर्सकडे झुकलेलं आहे. खेळात पैसा नाही, पुढेही आणणार नाही. महिन्याचं बिल परवडेल इतकंच हवं आणि उद्या एखाद्या कंपनीने दुकान बंद केलं तर आमचा खेळ बंद पडायला नको. ज्यांनी असं काही प्रत्यक्ष चालवलंय त्यांचे अनुभव हवे आहेत.

शार्दूल७

मस्त धागा. वाचतोय. मिडलवेअर सापडेल हो, पण चार जिल्ह्यांचे मेंढीकोटचे नियम जुळवणारं सॉफ्टवेअर अजून जन्माला यायचंय.

रात्रपाळी

सर्व्हर सांभाळणं हेच माझं रोजचं काम, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

आधी खेळाचा प्रकार पाहा. धावणं-गोळीबार असलेल्या खेळात सेकंदाला दहा-वीस-तीस वेळा प्रत्येकाची जागा पाठवावी लागते. त्यातलं एखादं पाकीट हरवलं तरी चालतं, कारण पुढचं लगेच येतंय. म्हणून तिथे यूडीपी (पोच न तपासता पाठवत राहणं) वापरतात. ईनेट, केसीपी, व्हॉल्व्हने २०१८ मध्ये खुलं केलेलं गेमनेटवर्किंगसॉकेट्स ही सगळी मंडळी त्या कामाची. टीसीपीवर (क्रमाने, पोच घेत पाठवणं) एक पाकीट अडकलं की मागची सगळी रांगेत थांबतात आणि गोळीबाराच्या खेळात तेवढ्यात माणूस मेलेला असतो.

मेंढीकोटात एका डावात ५२ पानं पडतात. प्रत्येक चाल म्हणजे शंभर बाइटसुद्धा नाही. क्रम चुकता कामा नये आणि एकही चाल हरवता कामा नये. हे नेमकं टीसीपीचं काम, म्हणजे वेबसॉकेट (टीसीपीवरची सतत उघडी राहणारी जोडणी) पुरे. त्यामुळे मिरर यादीतून काढा. उत्तम आहे, पण तुमच्या कामाचं नाही. कोणी अगोनेस सुचवेल. ते गूगल आणि युबिसॉफ्टने मिळून केलेलं, कुबरनेटीसवर (अनेक यंत्रं एकत्र सांभाळणारी प्रणाली) शेकडो गेम सर्व्हर उभे करण्यासाठी. तेही इथे नको.

उरले नाकामा आणि कोलिसियस. कोलिसियस मुख्यतः खोल्या सांभाळतं: खोलीची स्थिती, तिच्यातले बदल सगळ्यांना पाठवणं. फार सुटसुटीत आहे, एका संध्याकाळी चालू होतं. नाकामात खोल्यांबरोबर खाती, मित्र, गप्पा, गट, गुणतालिका, भिडू जुळवणी, साठवण असं सगळं येतं, खाली पोस्टग्रेस डेटाबेस. तुम्ही मित्रांची यादी आणि लॉगिन मागताय, म्हणून माझं मत नाकामाला.

एक गोष्ट आधीच माहीत असू द्या. अनेक सर्व्हर जोडून एक समूह करणं नाकामाच्या खुल्या आवृत्तीत नाही, ते त्यांच्या विकतच्या आवृत्तीत आहे. खुली आवृत्ती एका यंत्रावर चालते. पत्त्यांच्या खेळाला ते यंत्र हजारो लोकांपर्यंत पुरतं, त्यामुळे आज तुम्हाला अडचण नाही.

मांडवी

मी वेगळं सांगते. दोन माणसांनी नोकरी करून सर्व्हर चालवायचा म्हणजे गणपतीच्या पहिल्या रात्री, सगळे घरी जमून खेळत असताना, डेटाबेसची डिस्क भरणार आणि तुम्ही आरती सोडून लॅपटॉप उघडणार. मी पणजीत बसून एका छोट्या चमूबरोबर शब्दकोड्याचा खेळ चालवते. आम्ही बंद सेवा घेतली आणि रात्री झोपतो. ओपन सोर्स फुकट मिळतं, पण बॅकअप, प्रमाणपत्रं, सुरक्षेचे सुधार, सगळं तुमच्या गळ्यात.

आधी शंभर लोक खेळतात का ते पाहा. तत्त्वं नंतर.

गोदाकाठ

मांडवी, मुद्दा पटतो. पण फोटॉनच्या पन या युनिटीसाठीच्या सेवेची मोफत योजना एकावेळी २० खेळाडूंची, म्हणजे आमची पाच टेबलं. आणि फोटॉनने संदेश पोचवले तरी पानं कोणी वाटायची, हुकूम कोणी लपवायचा, हा प्रश्न उरतोच. त्या मांडणीत चार फोनांपैकी एक फोन मुख्य होतो.

पेठेतला

दुकान बंद होण्याची भीती ज्यांना पोकळ वाटते त्यांच्यासाठी. आमचा एक आडाखे बांधण्याचा खेळ होता, फार मोठा नव्हता, पण रोज येणारी माणसं होती. खाती, गुणतालिका, मित्र, सगळं एका परदेशी सेवेवर. एक दिवस मेल आला की सेवा बंद होतेय, माहिती उतरवून घ्या. माहिती मिळाली, पण तर्क सगळा त्यांच्या स्क्रिप्टमध्ये होता आणि ती स्क्रिप्ट दुसरीकडे कुठेच चालत नव्हती. पुन्हा लिहायला पैसा नव्हता. खेळ बंद केला. लोक अजून विचारतात.

आणि हे फक्त आमच्याच बाबतीत झालं असं नाही. गूगल प्लेची मल्टिप्लेअर सेवा आठवते? सगळ्यांनी एकाच वेळी खेळायच्या (रिअल-टाइम) आणि पाळीपाळीच्या, दोन्ही खेळांसाठी गूगल फुकट देत होतं. सप्टेंबर २०१९ मध्ये जाहीर केलं आणि ३१ मार्च २०२० ला बंद. गूगलच्या भरवशावर उभे असलेले कितीतरी छोटे खेळ त्या दिवशी मुके झाले, आणि तेही नेमके लॉकडाऊन लागून आठवडा झाला असताना, जेव्हा अख्खा देश घरात बसून फोनवर लुडो खेळत होता. गेमस्पार्क्स ही खेळांसाठीची तशीच सेवा, ती ॲमेझॉनने विकत घेतली आणि २०२२ मध्ये बंद केली.

उलट पार्स या ॲपसाठीच्या तयार सर्व्हर सेवेचं बघा. फेसबुकने २०१३ मध्ये घेतलं, जानेवारी २०१६ मध्ये बंद करतोय म्हणून सांगितलं, पण जाताना पार्स सर्व्हर खुला करून गेले आणि एक वर्ष दिलं. लोकांनी आपापल्या यंत्रावर उचलून नेलं. आजही तो प्रकल्प चालू आहे. माझं सगळं म्हणणं या फरकात आलं.

कोरा_कागद

+१ पेठेतला. लुडो किंग नवी मुंबईतलं, हे इथे कितीजणांना माहीत आहे कोण जाणे. लॉकडाऊनमध्ये आमच्या सोसायटीत दुसरं काही चालूच नव्हतं.

जुना_सिम्बियन

फोनवर अनेकांनी मिळून खेळणं हे किती जुनं आहे ते सांगावंसं वाटतं. १९९७ चा नोकिया ६११०, त्यातला साप. दोन फोनांची इन्फ्रारेडची भोकं समोरासमोर धरायची आणि दोघांनी खेळायचं. हात हलला की संपलं.

नंतर जावा आलं. एमआयडीपी १.० मध्ये, म्हणजे फोनवरच्या जावाच्या पहिल्या मानकात, फोनला फक्त एचटीटीपी बोलता यायचं. सॉकेट नाही, सर्व्हरने आपणहून काही सांगायची सोय नाही. फोनने पुन्हा पुन्हा विचारायचं, 'माझी पाळी आली का?' आणि जीपीआरएसवर एका फेरीला अर्धा-एक सेकंद सहज जायचा. तेव्हाही मिडलवेअर होतंच. नोकियाने २००३ मध्ये सेगाकडून स्नॅप विकत घेतलं, एन-गेज या खेळांसाठीच्या फोनवरच्या ऑनलाइन खेळांसाठी. नोकियाच्याच संशोधन विभागाने मूप नावाची ओपन सोर्स प्रणाली काढली होती, फोनवर छोटा जावा क्लायंट आणि खेळाचा सगळा तर्क सर्व्हरवर. सर्व्हर खरा, फोन म्हणजे नुसती खिडकी, हा विचार तिथे पूर्ण रुजलेला होता.

आता पेठेतला यांच्याशी थोडं भांडतो. ओपन सोर्स आहे म्हणून टिकेल असं धरू नका. सनचं डार्कस्टार घ्या. खास ऑनलाइन खेळांसाठीचं जावा मिडलवेअर, २००७ मध्ये जीपीएल या खुल्या परवान्याखाली खुलं केलं, मागे तगडी माणसं. ओरॅकलने सन घेतल्यावर २०१० मध्ये पैसा थांबला. लोकांनी रेडड्वार्फ नावाने फाटा (त्याच कोडवरून वेगळा प्रकल्प) काढला, काही काळ चालवला, मग तोही थंडावला. कोड आजही वाचता येतो. पण त्यावर नवा खेळ कोण उभा करेल? परवान्याइतकंच हेही बघा की गेल्या वर्षभरात कोणी कोड लिहिलाय, तक्रारींना उत्तरं येतात का, आणि तो प्रकल्प एका कंपनीच्या पगारावर जगतोय का.

पेठेतला

सिम्बियनकाका, मान्य. पण डार्कस्टारवाल्यांचा खेळ त्या दिवशी बंद पडला नाही. आमचा पडला. हातात कोड असला की पुढे काय करायचं ते ठरवायला वेळ तरी मिळतो.

करवीरकर

ते सगळं असू द्या. हुकूम कसा करणार ते सांगा आधी. आमच्याकडे कट हुकूम. पहिल्यांदा ज्याच्याकडे उतारीचा रंग नसेल त्यानं टाकलेल्या पानाचा रंग हुकूम. विषय संपला.

वऱ्हाडी_ठेचा

असं कसं संपला? बंद हुकूमच खरा मेंढीकोट हाय भाऊ. एकानं पान पालथं ठेवायचं, अन् कोणाकडं रंग नसला तवा ते उघडायचं. त्याच्याशिवाय मजाच नाही. समोरचा बारा वेळा त्या पालथ्या पानाकडं पाहते, त्यातच अर्धा खेळ हाय.

शार्दूल७

सांगितलं होतं.

सुलभा_म

बंद हुकमावरून एक अत्यंत महत्त्वाची गोष्ट निघते, म्हणून लिहिते. ते पालथं पान कुठे ठेवणार?

पडद्यावर पालथं दिसतंय म्हणून ते लपलं असं होत नाही. सर्व्हरने चारही फोनांना 'हुकूम: इस्पिकची सत्ती, दाखवू नका' असं पाठवलं, तर फोनवर येणारी माहिती वाचणं मुळीच अवघड नाही. मध्ये एक प्रॉक्सी (येणारी-जाणारी माहिती पाहणारा प्रोग्रॅम) लावला की सगळं उघडं. हेच भिडूंच्या हातातल्या पानांचं.

कोलिसियस घेतलंत तर इथे फार जपा. तिथे खोलीच्या स्थितीत जे लिहाल ते बदललं की आपोआप सगळ्यांना जातं, मुद्दाम काही सांगितलं नाही तर दर ५० मिलिसेकंदांनी. हीच त्याची सोय आहे. नव्या आवृत्तीत कोणाला काय दिसावं ते ठरवायची सोय दिलीय, पण मी पत्त्यांच्या खेळात सरळ नियम पाळते: गुप्त पानं त्या सामायिक स्थितीत ठेवायचीच नाहीत. ती सर्व्हरवरच्या साध्या चलात (व्हेरिएबलमध्ये) ठेवायची आणि ज्याची त्याला वेगळ्या संदेशाने पाठवायची. सामायिक स्थितीत फक्त टेबलावर पडलेली पानं, कोणाची पाळी, किती हात झाले.

नाकामात उलट आहे. तिथे सर्व्हरवर चालणाऱ्या सामन्याची स्थिती कोणालाच आपोआप जात नाही. कोणाला काय पाठवायचं ते दर वेळी तुम्ही लिहिता. काम जास्त, पण पत्त्यांना हेच बरं.

आणि पानं पिसायची तीही सर्व्हरवर. १९९९ मध्ये एका ऑनलाइन पोकरवाल्यांनी आपण किती प्रामाणिकपणे पिसतो हे दाखवायला पिसण्याची पद्धत जाहीर केली. ती काही अभ्यासकांनी वाचली. यादृच्छिक आकड्यांचं बीज (ज्या सुरुवातीच्या आकड्यावरून पुढचे सगळे निघतात) मध्यरात्रीपासूनच्या मिलिसेकंदांवरून घेतलं होतं. दिवसात मिलिसेकंद ८ कोटी ६४ लाख. सर्व्हरचं घड्याळ अंदाजे जुळवलं की शक्यता आणखी कमी होतात. मग स्वतःची पानं आणि टेबलावरची काही पानं पाहून बाकी सगळ्यांचे हात सांगता यायला लागले. मेंढीकोटात वाटपाचे प्रकार ५ च्या पुढे २८ शून्यं इतके आहेत. बीज ३२ बिटांचं घेतलंत तर त्यातले जेमतेम ४२९ कोटी कधी येतील, बाकीचे कधीच येणार नाहीत. त्यामुळे साधा रँडम नको. नोडमध्ये क्रिप्टोचा, गोमध्ये क्रिप्टो-रँडचा वापरा आणि फिशर-येट्स पद्धतीने पिसा. अवघ्या दहा ओळींचं काम आहे.

गोदाकाठ

सुलभाताई, हा प्रतिसाद छापून भिंतीवर लावतोय. खूप आभार. बंद हुकमाचं पान आम्ही आतापर्यंत फोनवरच ठेवत होतो, एकाच फोनवर खेळ असल्याने प्रश्न आला नव्हता.

अक्षय_ठाणे

एक भाबडा प्रश्न. सर्व्हर हवाच कशाला? चार फोन थेट एकमेकांना जोडता येत नाहीत का? बिल शून्य.

रात्रपाळी

प्रश्न चांगला आहे. एकाच वायफायवर असाल तर येतं, आणि ट्रेकला, गावी, जिथे नेट नाही तिथे हॉटस्पॉट चालू करून खेळणं ही झकास सोय होईल.

पण वेगवेगळ्या मोबाइल नेटवर्कवर अवघड आहे. आयपी व्ही-४ चे पत्ते पुरत नाहीत म्हणून मोबाइल कंपन्या हजारो ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवतात. तुमच्या फोनला बाहेरून कोणी हाक मारू शकत नाही, फोननेच आधी बाहेर बोलावं लागतं. दोघं असे मागे बसलेले असले की भेट घालून द्यायला स्टन सर्व्हर लागतो, आणि तरी जमलं नाही तर सगळी रहदारी टर्न सर्व्हरमधून न्यावी लागते. कोटर्न हा त्यासाठीचा ओपन सोर्स सर्व्हर चांगला आहे. पण मग सर्व्हर आलाच ना! आणि एका फोनला पानं वाटायला बसवलं की सुलभाताईंनी सांगितलेला घोटाळा: वाटणाऱ्याला सगळ्यांची पानं माहीत.

अक्षय_ठाणे

कळलं. धन्यवाद.

स्नेहल_डब्लिन

आमचं खानदान चार ठिकाणी आहे: सातारा, पुणे, डब्लिन आणि न्यू जर्सी. खेळ आला की पहिले गिऱ्हाईक आम्ही. सर्व्हर मुंबईत ठेवलात तर आम्हाला चालेल का? बाकीच्या खेळांत आमचा पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन-येऊन लागणारा वेळ) बघून कोणी संघात घेत नाही.

रात्रपाळी

बिनधास्त खेळा. न्यू जर्सीहून मुंबईला जाऊन-येऊन साधारण पाव सेकंद धरा. पान टाकायला माणूस त्याच्या कितीतरी पट वेळ घेतो. सर्व्हर मुंबईतच ठेवा, खेळाडू बहुतेक इथलेच असणार. एकच करा: पान टाकल्याबरोबर ते पडद्यावर सरकायला लागू द्या, सर्व्हरच्या होकाराची वाट पाहत गोठवू नका. नकार आलाच तर पान हातात परत. नियम फोनलाही माहीत असल्याने नकार क्वचितच येईल.

कोकणी_कोडर

या धाग्यावर अजून खरा शत्रू आलाच नाही. तो म्हणजे तुटणारं नेटवर्क. मिडलवेअर कोणतंही घ्या, तुमचा खेळ जगतो की मरतो ते पुन्हा जोडण्यावर ठरेल.

मी रत्नागिरीचा, कोकण रेल्वेने ये-जा असते. करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा. आत गाडी शिरली की पाच-सहा मिनिटं काही नाही. माझ्या हातात चार पानं, एक मेंढी, आणि बाकी तिघं रत्नागिरी, मुंबई, बंगळुरूत पडद्याकडे बघत बसलेत. आता सर्व्हरने काय करायचं?

पहिली गोष्ट, सर्व्हरला मी गेलोय हे कळतच नाही. फोनने 'येतो' म्हणून निरोप घेतलेला नाही, जोडणी अर्धवट उघडी राहते. म्हणून मधूनमधून पिंग पाठवायचा आणि उत्तर आलं नाही तर तुटला समजायचं. नाकामात डीफॉल्ट पिंग १५ सेकंदांनी आणि उत्तराची वाट २५ सेकंद. पत्त्यांना चालतं, पण बाकी तिघांना तेवढा वेळ 'विचार करतोय' असं दिसत राहील. आम्ही आमच्या खेळात ते कमी केलं आणि भिडूच्या नावाशेजारी नेटची खूण दाखवली. लोक खवळायचे थांबले. समोरचा मुद्दाम वेळ काढत नाहीये एवढं दिसलं की पुरतं.

दुसरी गोष्ट, जागा राखणं. कोलिसियसमध्ये याची तयार सोय आहे: माणूस गेल्यावर इतके सेकंद त्याची जागा धरून ठेव असं सांगता येतं. नाकामात ते स्वतः लिहायचं, फार नाही: माणूस गेला तरी त्याचं नाव सामन्याच्या स्थितीतून काढायचं नाही, आणि परत जोडायला आला की सामील करण्याच्या तपासणीत हा आधीचाच आहे का ते पाहून आत घ्यायचं. आत आला की त्याला पूर्ण चित्र एकदम द्या: हातातली पानं, टेबलावरची, झालेले हात, कोणाची पाळी. हुकलेल्या चाली एकेक करून पाठवत बसू नका.

तिसरी, किती वेळ थांबायचं? आम्ही अर्ध्या मिनिटानंतर पाळी यंत्राकडे देतो. यंत्र साधं खेळतं: रंग असेल तर रंग लावतं, शक्यतो मेंढी वाचवतं. मी बोगद्यातून बाहेर आलो की माझी जागा मला परत. डाव मोडत नाही, तिघं अडकत नाहीत. डाव रद्द करणं हा उपाय म्हणून कधीही ठेवू नका, कारण मग हरणारा माणूस विमान मोड चालू करतो.

चौथी, वायफायवरून मोबाइल डेटावर उडी. घरातून बाहेर पडलं की फोनचा पत्ता बदलतो, टीसीपीची जोडणी मेलीच. आयफोनवर तर फोन आला, खेळ मागे गेला, की थोड्याच सेकंदांत ॲप गोठवलं जातं. म्हणून तुटणं हा अपवाद न धरता रोजचा व्यवहार धरून लिहा. नाकामाच्या सत्राचं टोकन (लॉगिन झाल्याची तात्पुरती खूण) डीफॉल्ट फक्त ६० सेकंद चालतं, हेही लक्षात ठेवा. उघड्या सॉकेटला त्याने फरक पडत नाही, पण बोगद्यातून आल्यावर जोडायला जाल तेव्हा ते संपलेलं असेल. रिफ्रेश टोकन जपून ठेवा किंवा मुदत वाढवा, नाहीतर माणसाला थेट लॉगिनचा पडदा दिसेल आणि तो खेळ काढून टाकेल.

वऱ्हाडी_ठेचा

यंत्र रंग लावते, मेंढी वाचवते. आमच्या भिडूपेक्षा बरं खेळते म्हणजे. त्याला बोगद्यातच राहू द्या.

मांडवी

कोकणी_कोडर, सुंदर प्रतिसाद. 'हरणारा विमान मोड चालू करतो' हे आमच्याकडेही पाहिलंय, अगदी तसंच.

इस्पिक_राणी

विषय थोडा सोडून: युनिटी का? २०२३ च्या सप्टेंबरात दर इन्स्टॉलमागे पैसे घेण्याची घोषणा केली तेव्हा किती लोक गोडो या ओपन सोर्स इंजिनकडे गेले. वर्षभराने मागे घेतलं, पण विश्वास गेला तो गेलाच. सर्व्हर ओपन सोर्स हवा म्हणता आणि पडदा बंद स्रोतात?

गोदाकाठ

खरं आहे. मित्राला युनिटीच येते, एवढंच कारण. पण नाकामाचा गोडो क्लायंटही आहे, त्यामुळे उद्या पडदा बदलला तरी सर्व्हर तोच राहील. तो ओपन सोर्स हवा यामागे हेही आहे.

दस्तऐवज

परवान्यांवर थोडं, कारण हे माझं क्षेत्र.

एमआयटी आणि अपाची २.० दोन्हींत तुम्ही खेळ विकू शकता, कोड बदलू शकता, बदल जाहीर करायची सक्ती नाही. अपाचीत पेटंटची स्पष्ट परवानगी मिळते, आणि दोन्हींत मूळ सूचना व परवाना जोडून ठेवावा लागतो. फोनवरच्या ॲपमध्ये 'परवाने' असा एक पडदा ठेवा, काम झालं. एजीपीएल परवाना असलेलं काही सर्व्हरवर घ्याल तेव्हा मात्र नीट वाचा, तिथे बदललेला कोड वापरणाऱ्यांना द्यावा लागतो.

परवाना पुढे बदलू शकतो. रेडिस या डेटाबेसने मार्च २०२४ मध्ये बदलला, लगेच व्हॅल्की नावाने फाटा निघाला. पण आधी दिलेली आवृत्ती आधीच्या परवान्यावरच राहते, ती कोणी परत घेऊ शकत नाही. म्हणून वापरत असलेल्या आवृत्तीची प्रत स्वतःकडे ठेवा.

दुसरं, कायदा. ऑगस्ट २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी आली, मग ते कौशल्याचे असोत की नशिबाचे. तुम्ही पैसा ठेवलेला नाही ते उत्तम. नाणी ठेवलीत तर ती पैशात कधीही बदलता येणार नाहीत अशीच ठेवा. आणि १८ वर्षांखालची मुलं खेळणार असतील तर २०२३ च्या वैयक्तिक माहितीच्या कायद्यानुसार पालकांची संमती हा विषय आहे. जितकी माहिती कमी गोळा कराल तितकं सोपं. पत्ते खेळायला जन्मतारीख आणि फोनबुक कशाला लागतं?

करवीरकर

आणि भिडू व्हॉट्सॲप कॉलवर बोलत बसले तर? त्याला कुठलं मिडलवेअर?

सुलभा_म

त्याला इलाज नाही. अनोळखी टेबलावर भिडू यंत्राने जुळवायचा, ओळखीचे दोघं एका बाजूला येऊ द्यायचे नाहीत. मित्रांच्या खोलीत मात्र सोडून द्या.

करवीरकर

हां, सोडूनच द्या. आमच्या आजीच्या काळापासून डोळ्यांनी खुणा चालतात, आता फोनवर चालतील.

गोदाकाठ

मंडळी, मधल्या काळात नाकामा आणि कोलिसियस दोन्हींवर एकेक टेबल उभं करून पाहिलं. कोलिसियस लवकर उभं राहिलं, कोड वाचायलाही सोपा. पण खाती, मित्र आणि खोलीचं आमंत्रण हे सगळं शेजारी वेगळं बांधावं लागत होतं, आणि लपवायच्या पानांसाठी मी सतत त्याच्या मूळ स्वभावाविरुद्ध लिहीत होतो. त्यामुळे नाकामा ठरलं. मांडवी, तुमचं ऐकून एक केलंय: डेटाबेस स्वतः चालवायचा नाही, व्यवस्थापित पोस्टग्रेस घेतोय. बॅकअपचं काम तिकडे, खेळाचा कोड आमच्याकडे.

दोन प्रश्न उरलेत. सर्व्हरवरचा तर्क टाइपस्क्रिप्टमध्ये लिहावा की गोमध्ये? आणि नवी आवृत्ती चढवताना चालू डावांचं काय?

मांडवी

व्यवस्थापित डेटाबेस, शहाणपणाचं काम. आता झोपाल.

रात्रपाळी

भाषा: नाकामातलं जावास्क्रिप्ट नोडवर चालत नाही. गोमध्येच लिहिलेलं इंजिन आहे, त्यामुळे एनपीएमची (नोडसाठीच्या तयार कोडची) बरीचशी पॅकेजेस तिथे चालणार नाहीत. मेंढीकोटाच्या नियमांना पॅकेजेस लागतच नाहीत, म्हणून टाइपस्क्रिप्ट चालेल. गो घेतलंत तर वेग आणि चाचण्या लिहिण्याची सोय जास्त, पण प्लगइन नेमकं नाकामाच्याच गो आवृत्तीने बांधलेलं लागतं, नाहीतर सर्व्हर ते उचलतच नाही. त्यांची बांधणीची डॉकर प्रतिमा (सगळी साधनं आधीच बसवलेला साचा) मिळते, तीच वापरा. पिसण्यासाठी क्रिप्टो-रँड हवा असल्याने मी गोच घेईन.

नवी आवृत्ती: सामने सर्व्हरच्या स्मृतीत असतात. सर्व्हर बंद केला की डाव गेले. बंद करताना थांबायची मुदत कॉन्फिगमध्ये देता येते. ती दिली की प्रत्येक सामन्याला 'आता इतके सेकंद उरले' असा निरोप मिळतो. त्या वेळी डावाची पूर्ण स्थिती साठवणीत लिहा: चौघांच्या हातातली पानं, हुकूम, झालेले हात, पाळी. नवा सर्व्हर उठला की फोन परत जोडायला येतील, तेव्हा साठवलेली स्थिती उचलून नवा सामना सुरू करा. कोकणी_कोडर यांनी सांगितलेलं 'पूर्ण चित्र एकदम द्या' इथेही तेच कामाला येतं. फोनच्या दृष्टीने बोगदा काय आणि सर्व्हर बदलणं काय, एकच. सर्व्हर अचानक कोसळला तर निरोपसुद्धा मिळणार नाही, म्हणून दर हात झाला की एकदा लिहून ठेवा. एका डावात तेरा वेळा लिहिणं पोस्टग्रेसला जाणवतही नाही.

जुना_सिम्बियन

एक विनंती. मेंढीकोटाचे नियम सांगणारा भाग, म्हणजे कोणतं पान चालतं, हात कोणाचा, कोट लागला का, एवढा वेगळा ठेवा आणि तोही खुला करा. त्याला नेटवर्कची जराही ओळख नको. उद्या नाकामा जावो की राहो, तो भाग कोणीही उचलून कुठेही लावेल. आणि बदाम सात करणाऱ्याला निम्मं काम तयार मिळेल.

गोदाकाठ

करतो काका. नियमांचा भाग वेगळा आहेच, गोमध्ये नेताना अपाचीखाली खुला करतो. चाचण्यांसकट. कट हुकूम आणि बंद हुकूम दोन्ही ठेवतोय, खोली उघडतानाच निवडायचा.

करवीरकर

चाचणीला आमचं मंडळ तयार आहे. दुवा इथेच टाका.

वऱ्हाडी_ठेचा

आमचंबी नाव लिहा. बंद हुकमाच्या टेबलावर.

स्नेहल_डब्लिन

डब्लिनचे दोन, न्यू जर्सीचा एक. साताऱ्याहून आई खेळेल, तिच्याकडे जुना ॲन्ड्रॉइड फोन आहे, त्यावरही चालेल ना ते बघा.

गोदाकाठ

फोनचं मॉडेल व्यक्तिगत निरोपात कळवा, त्यावरच आधी चालवून बघतो.